एका भांड्यातले चीज : फॉन्ड्यूच्या ‘परंपरे’चा शोध

मेजाच्या मधोमध एक जाड बुडाचे भांडे, त्याखाली स्पिरिटचा लहानसा दिवा आणि भांड्यात पांढऱ्या वाइनमध्ये वितळून संथपणे बुडबुडणारे चीज. भोवती पाच-सहा माणसे. प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याचा काटा आणि त्याच्या टोकाला पावाचा तुकडा. तो चीजमध्ये घोळवायचा, तोंडात घालायचा आणि तोच काटा पुन्हा भांड्यात बुडवायचा. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या मनात इथे पहिला शब्द येतो तो ‘उष्टे’. आपली पंगत सामुदायिक खरी, पण पान ज्याचे त्याचे. या भांड्याला मात्र वाटण्या नाहीत.

हा पदार्थ म्हणजे स्वित्झर्लंडचे फॉन्ड्यू. त्याची जन्मकथा सर्वत्र एकच सांगितली जाते. आल्प्समध्ये हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद होत, गुराख्यांकडे उरलेला शिळा पाव आणि टणक झालेले चीज एवढेच असे, मग ते वाइनमध्ये वितळवून सगळे एका भांड्याभोवती बसत. कथा गोड आहे. पण जरा खरवडली की तिचा रंग जातो.

पहिली अडचण चीजचीच आहे. फॉन्ड्यूला लागते ते ग्रुयेरसारखे मुरलेले, स्निग्ध चीज. हा माल परदेशी जाण्याचा, रोख पैसा आणणारा होता. तो करणाऱ्या शेतकऱ्याला स्वतः खाणे परवडत नसे. कोकणातला बागाईतदार हापूसच्या पेट्या मुंबईला पाठवतो आणि घरची पोरे रायवळ चोखतात, तसलाच हा प्रकार. दुसरी अडचण वाइनची. द्राक्षाचे मळे उंच कुरणांवर नसतात, ते खाली सरोवरांच्या काठी असतात. तेव्हा फॉन्ड्यूचे मूळ घर पहाडातली झोपडी नव्हे. ते पश्चिमेकडच्या, फ्रेंच बोलणाऱ्या सखल मुलखातल्या शहरी माणसाचे स्वयंपाकघर होते.

लेखी पुरावाही शहरातलाच आहे. 1699 साली झुरिकमध्ये छापलेल्या एका पाकपुस्तकात ‘वाइनमध्ये चीज शिजवण्याची’ कृती सापडते. किसलेले किंवा चिरलेले चीज वाइनमध्ये वितळवावे आणि त्यात पाव बुडवून खावा, असे तीत सांगितले आहे. पदार्थ हाच, पण नाव फॉन्ड्यू नाही. गंमत अशी की ‘फॉन्ड्यू’ हे नाव त्या काळानंतरही दुसऱ्याच पदार्थाला चिकटलेले होते. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘वितळलेले’. 1825 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ब्रिया-सावारँ हा फ्रेंच रसज्ञ फॉन्ड्यूची कृती देतो, तीत चक्क अंडी आहेत. त्याचे फॉन्ड्यू म्हणजे चीज घातलेली अंड्याची बुर्जीच! अंडी वगळून, केवळ चीज आणि वाइन यांच्या पदार्थाला फॉन्ड्यू म्हणणारी पहिली ज्ञात कृती 1875 सालची आहे, आणि तीत हा स्विस राष्ट्रीय पदार्थ असल्याचे सांगितलेले आहे. म्हणजे दावा जुना आहे. मात्र तो देशभर पोहोचायला आणखी अर्धशतक जावे लागले.

मधल्या काळात एक किरकोळ वाटणारी गोष्ट घडली. 1905 साली स्वित्झर्लंडमध्ये कॉर्नफ्लॉवर आले. ज्याने कधी चीज नुसते तापवले असेल त्याला याचे मोल कळेल. चीजमधली प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना जखडलेली असतात. आच वाढली की ती आकसून रबरासारखा गोळा होतो आणि तूप वेगळे सुटते. वाइनमधल्या आम्लांमुळे ही जखडण सैल पडते आणि पिठाचे कण स्निग्धांश धरून ठेवतात. भांडे फुटले की पाहुण्यांसमोर फजिती. ती भीती गेल्यावरच सामान्य गृहिणीने हा पदार्थ हाती धरला असावा.

पण खरी कलाटणी दिली ती एका व्यापारी संघाने. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या 1914 साली स्विस चीज युनियन स्थापन झाली. कोणते चीज किती करायचे, काय भावाने घ्यायचे आणि कोठे विकायचे हे ती ठरवू लागली. एमेंटाल आणि ग्रुयेरसारख्या मोजक्या जातींनाच तिने जवळ केले, बाकीच्या कित्येक स्थानिक जाती मागे पडल्या. मंदीच्या काळात निर्यात घटली आणि माल साठू लागला. आता देशातल्याच माणसाला अधिक चीज खाऊ घालणे भाग होते. एका बैठकीत घरटी एवढे चीज संपवणारा दुसरा पदार्थ कोणता? 1930 च्या दशकात युनियनने फॉन्ड्यूला राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे केले. एवढेच नव्हे, तर अमुक कँटनचे फॉन्ड्यू, तमुक कँटनचे फॉन्ड्यू अशा ‘प्रादेशिक’ कृतीही तयार करून दिल्या. आज ज्या कृती आजीच्या वहीतल्या वाटतात, त्यांपैकी काही जाहिरात विभागातून निघालेल्या आहेत.

हे सगळे विकले गेले, कारण वेळ तशी होती. उत्तरेला हिटलर, दक्षिणेला मुसोलिनी आणि मध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श अशा चार भाषांचा छोटा देश. 1938 साली रोमान्शला मतदानाने राष्ट्रभाषेचा दर्जा दिला गेला तोही याच वातावरणात. ‘आत्मिक राष्ट्ररक्षण’ ही त्या वेळची घोषणा होती. आपण एक आहोत हे दाखवायला चित्र हवे होते, आणि एका भांड्याभोवतीची वेगवेगळी माणसे हे चित्र स्विस मनात आधीपासून होते, असे मला वाटते.

ते चित्र 1529 सालचे आहे. झ्विंग्लीच्या नेतृत्वाखालचे प्रोटेस्टंट झुरिक आणि कॅथलिक कँटन यांच्या फौजा काप्पेल येथे समोरासमोर उभ्या होत्या. पुढारी वाटाघाटी करत असताना सरहद्दीवर एक मोठे भांडे ठेवले गेले. कॅथलिकांनी दूध आणले, झुरिकवाल्यांनी पाव आणला आणि शत्रूंनी एकत्र खाल्ले, अशी कथा आहे. आल्बर्ट आंकर या चित्रकाराने 1869 साली हा प्रसंग रंगवला. आपल्याकडे 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले, हे आठवले की परधर्मीयांबरोबर खाण्याला किती अर्थ चिकटलेला असतो हे ध्यानात येते. तरीही काप्पेलच्या भांड्याची थोरवी फार वाढवू नये. दोनच वर्षांनी, 1531 मध्ये, त्याच काप्पेलला लढाई झाली आणि झ्विंग्ली तीत मारला गेला.

दुसऱ्या महायुद्धात चीजवर रेशनिंग होते. ते उठल्यावर युनियनने फॉन्ड्यूचे संच लष्कराच्या तुकड्यांना आणि समारंभांच्या आयोजकांना पाठवले. मला ही सर्वांत हुशार चाल वाटते. सक्तीच्या लष्करी सेवेत देशभरचे तरुण येत. जर्मनभाषक मुलगा तिथे भांड्याभोवती बसायला शिकला आणि ती सवय घरी घेऊन गेला. पुढे ‘फिगुगेगल’ हा विचित्र शब्द तोंडी बसला. ‘फॉन्ड्यू चांगले असते आणि मन प्रसन्न करते’ या अर्थाच्या बोलीतल्या वाक्यातली आद्याक्षरे जोडून तो केलेला आहे. अमेरिकेत 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या स्विस दालनाने फॉन्ड्यूचा प्रसार केला. चॉकलेट फॉन्ड्यूही न्यूयॉर्कमध्येच, त्याच दशकात, कोनराड एग्ली या स्विस उपाहारगृहचालकाने काढले, तेही टोब्लेरोन चॉकलेटच्या जाहिरातीसाठी.

1970 साली आलेल्या ॲस्टेरिक्सच्या स्वित्झर्लंडवारीच्या चित्रकथेत तर रोमन अधिकारीच फॉन्ड्यू खाताना दिसतात. पाव भांड्यात पडला की आधी छड्या, मग चाबूक आणि शेवटी पायाला वजन बांधून सरोवरात. विनोद सोडला, तरी पाव पाडणाऱ्याने दंड भरण्याची रीत खरी आहे. कोणी बाटली विकत घेतो, कोणी शेजाऱ्याचा मुका घेतो. बरोबर वाइन प्यावी की गरम चहा, हा वादही घरोघरी रंगतो. झुरिकच्या डॉक्टरांनी वीस निरोगी माणसांना फॉन्ड्यू खाऊ घालून तो तपासला आणि 2010 साली निष्कर्ष छापला. वाइनबरोबर जठर रिकामे व्हायला अधिक वेळ लागतो. त्याने वाद मिटला असेल असे वाटत नाही.

चीज युनियन 1999 साली विसर्जित झाली. भाव ठरवणारे गेले, मागे पडलेल्या जातींना पुन्हा वाव मिळाला. भांडे मात्र आहे तिथेच आहे. चीज संपत आले की दिव्याची ज्योत कमी करतात. बुडाशी तांबूस, कुरकुरीत खरपुडी धरते. तिला ‘रेलिजिअूझ’, म्हणजे जोगीण, म्हणतात. ती काट्याने निघत नाही. यजमान सुरीने अलगद सोडवतो, हाताने तिचे तुकडे करतो आणि बसलेल्या प्रत्येकाला एकेक देतो.