जुन्या वाहनाचा जीर्णोद्धार

रोहिणखेडचे नाव निघाले की अभ्यासकास १४३७ सालची बहामनी व खानदेशी सैन्यांची लढाई आठवते. अशा गावी गोठ्याच्या आडोशास एखादी जुनी ‘जावा’ गंजत उभी असली, तर तीही इतिहासाचे साधनच होय. म्हैसुरास १९६१ पासून ही गाडी होऊ लागली. पुढे तिला ‘येझदी’ नाव मिळाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला.

थोडक्या पैशांत तिचा जीर्णोद्धार करणाऱ्याने रंगरंगोटी शेवटास ठेवावी. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या या टू-स्ट्रोक इंजिनाची ऑईलसीले वाळतात. त्यांतून हवा शिरली की पिस्टन तापून अडकतो. म्हणून प्रथम सीले, ब्रेक व टायर पाहावे. मूळ सुटे भाग टाकू नयेत, आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक तर कधीही घासू नये. शिलालेख पुसून मंदिर उजळण्यात कसले पुण्य?