जुन्या सायकलीचा घट्ट बसलेला क्रँक

जुन्या काळ्या सायकलींचा क्रँक कॉटर नावाच्या पाचरीने आसाला जखडलेला असतो. कॉटरची एक बाजू चपटी व उतरती असून ती आसाच्या खाचेत रुतते. पावसापाण्याने ती गंजली की क्रँक हलत नाही. अशा वेळी घाईने घातलेला हातोडा छर्‍यांच्या वाट्यांवर खड्डे पाडतो. कॉटरची किंमत क्षुल्लक, वाट्यांची नव्हे.

प्रथम सांध्यात गंज सोडवणारे तेल घालून ते रात्रभर मुरू द्यावे. नट सैल करावा, पण काढू नये. तो आट्यांच्या टोकाशी समपातळीत ठेवल्यास आटे शाबूत राहतात. त्यानंतर क्रँकखाली जमिनीला टेकलेली लोखंडी नळी उभी करावी. कॉटरचे जाड टोक नळीच्या पोकळीत येईल असे पाहावे, म्हणजे घावाचा भार छर्‍यांवर न जाता जमिनीत जातो. हे करण्याचा कंटाळा बहुतेकांना नडतो. हलक्या टकटकीने कॉटर नुसता चेपतो. जड हातोड्याचा एकच सरळ घाव अधिक परिणामकारक. कॉटर वाकलाच, तर तो ड्रिलने पोखरून काढावा लागतो.

नव्या कॉटरचा व्यास, बहुधा ९.५ मिलिमीटर, जुन्याशी ताडून पाहावा. दोन्ही बाजूंचे कॉटर परस्परविरुद्ध दिशांनी बसवावेत. अन्यथा पायडल एका रेषेत येत नाहीत. थोडी सायकल चालवून झाल्यावर नट पुन्हा आवळावेत.