मराठा खंदक आणि शहराची भीती

कोलकात्यात बदली झालेल्या मराठी माणसाला गावाकडून पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा नसतो आणि घराचाही नसतो. "तिकडे राहायला सुरक्षित आहे ना?" हा असतो. आपल्या मंडळात रेल्वे, बँका, विमा कंपन्या, सैन्यदल यांतून दर वर्षी दोन-चार नवी बिऱ्हाडे येतात आणि गणपतीच्या मांडवात हीच चौकशी चालते. कोणत्या भागात घर घ्यावे, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावे, मुलीला एकटीला क्लासला पाठवावे का? उत्तरे जो तो आपल्या अनुभवाने देतो. एकाचे बसमध्ये पाकीट मारले गेलेले असते, त्याच्या मते शहर वाईट. दुसऱ्याचे वीस वर्षांत काही गेलेले नसते, त्याच्या मते असे शहर भारतात नाही.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांच्या देखभालीत आयुष्य गेलेला माणूस. पण धोका मोजणे हे आमच्या खात्याचे रोजचेच काम. त्यामुळे या शहराने आजवर आपली भीती कशी मोजली याविषयी जे हाती लागेल ते वाचत गेलो. गंमत अशी की, त्यातला पहिलाच मोठा अध्याय आपल्याच नावावर निघाला!

सन १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, चौथाईच्या वसुलीसाठी बंगालवर चालून आले. नवाब अलीवर्दीखानाशी त्यांची झटापट सुरू झाली. मुर्शिदाबाद लुटले गेले, कटव्याला मराठ्यांचा तळ पडला. त्या वर्षी कटव्याजवळ दाइंहाट येथे पंतांनी दुर्गापूजा मांडली आणि ती चालू असतानाच नवाबाने छापा घातला. पुढे १७४४ मध्ये तहाच्या बोलण्यासाठी म्हणून बोलावून नवाबाने पंतांना दगा देऊन मारले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात ओडिशा भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख रुपये ठरले, तेव्हा हे प्रकरण मिटले.

आपल्याकडे 'बारगीर' म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारा स्वार. त्याचा बंगालीत 'बर्गी' झाला आणि बर्गीचे नाव घेऊन इथल्या आया मुलांना झोपवू लागल्या. गंगाराम नावाच्या कवीच्या 'महाराष्ट्र पुराण' या त्या काळच्या बंगाली काव्यात जळणाऱ्या गावांचे आणि पळणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. आपण शाळेत अटकेपार शिकलो, कटव्याचे कोणी शिकवले नाही. पूर्वजांचे पोवाडे गाताना हे पान गाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे, विशेषतः आपण बंगालचे अन्न खात असताना.

असो. कटव्याची बातमी कलकत्त्याला पोहोचली आणि शहराची गाळण उडाली. शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणायचे ठरले. इंग्रज कंपनीने नवाबाची परवानगी काढली, खर्च मात्र रहिवाशांनी करायचा होता. त्यासाठी कंपनीच्या कौन्सिलने १७४३ मध्ये २५,००० रुपये उसने दिले. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मराठे काही आले नाहीत. काम थंडावले आणि थांबले. पुढे कलकत्तेकर इंग्रजांना 'डिचर', म्हणजे खंदकवाले, असे टोपणनाव पडले ते पडलेच.

आता हा खंदक खणणारे मूर्ख होते असे म्हणता येणार नाही. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर गावे जळत असताना हातावर हात ठेवून कोण बसेल? पण खंदक एकाच शत्रूची वाट पाहत होता. जून १७५६ मध्ये खरा हल्ला झाला तो मुर्शिदाबादहून, नवा नवाब सिराजउद्दौला याचा. बागबाजारला, खंदकाच्या उत्तर टोकाशी, त्याच्या फौजेला इंग्रजांनी परतवले. तेव्हा जिकडे खंदक पुरा झालेला नव्हता त्या बाजूने फौज शहरात शिरली आणि २० जूनला किल्ला पडला. रुळाचे तीन मैल तपासून चार मैल सोडले तर गाडी कुठे घसरेल हे आमचा नवा ट्रॅकमेंटेनरही सांगेल.

पुढे १७९९ पासून खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. आज त्याची नावे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. सियालदाहून बसने जाता-येता आपण सगळे त्या खंदकावरूनच जातो. बागबाजारात 'मराठा डिच लेन' अजून आहे. आणि ज्या नागपूरहून भास्करपंत आले, त्याच नागपूरकडची बंगाल-नागपूर रेल्वे १९०० साली हावड्याला पोहोचली. आपल्यापैकी कितीतरी घरांचे मूळपुरुष तिच्याच नोकरीत इकडे आले. खंदक बुजल्यावर मराठे आले, तेही पगारावर!

एकोणिसाव्या शतकात शहर वाढले तशी भीती घोडेस्वारांची उरली नाही, चोरांची झाली. १८५६ मध्ये शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्त मिळाला. ६ जुलै १८५७ रोजी चौरंगीच्या रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. दिवे प्रथम साहेबलोकांच्या वस्तीत लागले, हे सांगायला नकोच. १८६८ मध्ये अॅमहर्स्ट स्ट्रीटवर एका तरुणीचा खून झाला. त्याचा तपास गाजला आणि त्याच वर्षी पोलिसांत स्वतंत्र गुप्तहेर विभाग निघाला. त्या विभागातले प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून 'दारोगार दप्तर' या नावाने आपल्या तपासाच्या कथा छापल्या आणि बंगाली वाचकाने त्या आवडीने वाचल्या. भीती वाटणे आणि भीती वाचायला आवडणे या दोन गोष्टी शहरात जोडीनेच वाढतात. आजच्या टीव्हीवरच्या गुन्हेकथा काही नव्या नाहीत.

पण या शतकातले मला सर्वांत आवडणारे काम अगदी साधे आहे, फायलींचे. १८५८ मध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. करार होता रस्त्याच्या खडीचा! ठेकेदार नंतर सही नाकारतात ही तक्रार आमच्या खात्याइतकीच जुनी. त्यातून पुढे ठशांची कल्पना रुजली. मात्र हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधायचा कसा हा प्रश्न सुटेना. तो सोडवला बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या दोन सब-इन्स्पेक्टरांनी, अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. दहा बोटांवरच्या रेषांच्या प्रकारावरून त्यांनी बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १,०२४ कप्पे पाडले. ठसा पाहिला की कप्पा ठरतो, कप्प्यातले मोजके कागद तेवढे चाळायचे. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातला पहिला ठसे विभाग सुरू झाला, लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये १९०१ साली. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचे पडले. असे कोणत्या खात्यात होत नाही?

लगेचच जलपाईगुडीच्या एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. तिथे एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा सापडला. तो ठसा मॅनेजरच्या एका जुन्या नोकराशी जुळला, कारण पूर्वी चोरीत शिक्षा झाल्याने त्याचा ठसा दप्तरी होता. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची दिली नाही. ठसा सांगतो की माणूस तिथे होता, खून कोणी केला हे सांगत नाही, एवढा फरक त्या न्यायाधीशांनी केला. ठशावरून शिक्षा झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक.

याच्या अगदी उलट १९२३ चा गुंडा कायदा. त्याने पोलिसांना संशयितांना शहराबाहेर घालवण्याचा अधिकार दिला आणि त्याचा मोठा मारा बिहार, संयुक्त प्रांत अशा बाहेरगावच्या माणसांवर झाला. माझ्या मते हा कागदावरचा खंदकच. आपले ते सज्जन, परके ते संशयित. मुंबईत काय किंवा इथे काय, हा हिशेब अजून चालतो.

१९४२ च्या डिसेंबरात जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले. रंगूनवर बॉम्ब पडल्यापासूनच शहर रिकामे होऊ लागले होते. हावडा आणि सियालदाहून लाखो माणसे गावी पळाली. त्या युद्धात शहरात बॉम्बने मेलेल्यांची संख्या शेकड्यांत भरते. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, दुष्काळ पडला आणि बंगालभर वीस ते तीस लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने गेली. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने आधीच गावोगावच्या होड्या काढून घेतल्या होत्या, तांदळाचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला होता. गावाकडची माणसे शहराच्या फुटपाथवर येऊन मेली. आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या शहराला ताटातला धोका दिसला नाही.

१६ ऑगस्ट १९४६ पासूनच्या चार दिवसांत इथे सुमारे चार हजार माणसे मारली गेली असे साधारणपणे मानतात. त्याविषयी अधिक लिहीत नाही. एवढेच की मारणारे पुष्कळदा शेजारच्या मोहल्ल्यातले होते आणि ज्यांचा जीव वाचला त्यांनाही पुष्कळदा शेजाऱ्यानेच लपवले होते.

आता आजच्या आकड्यांकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात मोठ्या शहरांमध्ये लाख लोकसंख्येमागे सर्वांत कमी गुन्हे कोलकात्यात नोंदले गेले, ८६.५. पुण्यात २८०.७. ही बातमी आली तेव्हा आपल्या बंगाली शेजाऱ्यांनी आपल्याला चहा पाजला असेल! आकडा खराच, पण इंजिनिअरने भाजक पाहावा. अहवाल कोलकात्याची लोकसंख्या १४१ लाख धरतो. ती २०११ च्या जनगणनेतली, हावड्यासकट आसपासची सगळी नागरी वस्ती धरून आलेली. महानगरपालिकेच्या हद्दीत तेव्हा ४५ लाखच होते. शिवाय हा आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचा. दिल्लीत २०१५ पासून वाहनचोरीची तक्रार घरबसल्या नोंदवता येते. जिथे नोंद सोपी तिथे आकडा फुगतो. आमच्याकडेही ज्या सेक्शनमध्ये रुळाचे तडे जास्त सापडतात तो सेक्शन वाईट असेलच असे नाही, कदाचित तिथला की-मन डोळे उघडे ठेवून चालत असेल.

आणखी एक तुलना करून पाहावी. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्याच वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, जवळजवळ सहापट. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २०२३ मध्ये अडीच हजारांवर जीव गेले, रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून गेलेले त्यांत पुष्कळ. तेव्हा मुलगा रात्री नऊला एकटा परतला म्हणून काळजीत पडणाऱ्या बापाने त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का हे आधी पाहावे. खुनी वाटेत भेटेल न भेटेल, मिनीबस नक्की भेटेल.

मुलीच्या बापाला मात्र या तुलनेने समाधान होत नाही, आणि होऊही नये. अपघात टळला की टळला, पण भीतीमुळे मुलीने न केलेला क्लास आणि सोडलेली नोकरी कोणत्याच अहवालात येत नाही. शिवाय याच विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. आपण मात्र अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसालाच घाबरतो.

९ ऑगस्ट २०२४ रोजी याच 'सर्वांत सुरक्षित' शहरात आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या शिकाऊ डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती रस्त्यावर नव्हती, आपल्याच रुग्णालयाच्या सेमिनार हॉलमध्ये विश्रांती घेत होती. जानेवारी २०२५ मध्ये ज्याला जन्मठेप झाली तो पोलिसांच्याच मदतीला नेमलेला सिव्हिक व्हॉलंटिअर होता. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री शहरभर बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांत आपल्या मंडळातल्याही असतील. त्याच सुमारास राज्य सरकारने काढलेल्या सूचनांत शक्यतो स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये असे एक कलम होते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले: संरक्षण देणे सरकारचे काम, स्त्रियांनी रात्री काम करू नये असे सांगता येणार नाही. मग ते कलम मागे घेतले गेले.

आमच्या रेल्वेत आज लोको पायलट, पॉइंट्समन, ट्रॅकमेंटेनर या जागांवर मुली आहेत आणि रात्रपाळीही करतात. एखाद्या छोट्या स्टेशनावर त्यांना काय हवे असे विचारले तर यादी लांबलचक नसते. विश्रांतीच्या खोलीला आतून लागणारी कडी, वेगळे स्वच्छतागृह, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर रात्रभर चालू राहणारा दिवा.