आधी पाय, मग नकाशा



तुमच्यापैकी कुणाची लेक आर्किटेक्चर शिकत असेल, तर हे दृश्य ओळखीचे असेल. टेबलावर लॅपटॉपमध्ये गोल फिरणारी इमारत आणि खाली फरशीवर पुठ्ठा, कटर, फेव्हिकॉल. संगणकात सगळे दिसते, मग हा पसारा कशाला, असे आपण विचारतोच. घर, रस्ता, पाणी, ऊन, वारा यांचा एकत्र विचार करून वस्ती आखायची, याला पर्यावरण-रचना म्हणतात. हा विषय विद्यापीठात हाताने आणि यंत्राने, असा दोन्ही अंगांनी का शिकवतात, याची गोष्ट शंभर वर्षांची आहे. तिचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस आले. मूळचे स्कॉटलंडचे, शिक्षणाने जीवशास्त्राचे. त्याआधी 1914 पासून त्यांनी भारतातली कितीतरी गावे पालथी घातली होती. दाट वस्तीतून पट्टी ठेवून सरळ रस्ता काढायचा आणि आड येणारी घरे पाडायची, ही तेव्हाची सरकारी रीत. गेडिस आधी गल्लीगल्लीतून चालत. विहीर कुठे, देऊळ कुठे, कुठले घर खरोखर मोडकळीला आले आहे, हे बघत. मग म्हणत, एवढी एक-दोन घरे काढा, तिथे झाड लावा, बाकी वस्ती राहू द्या.

त्यांचे हे अहवाल सरकारी कपाटांत धूळ खात पडले असते. 1947 मध्ये त्यांतले वेचे निवडून पुस्तक केले ते जॅकलिन टिरविट या बाईंनी. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, वाढल्या इंग्लंडमध्ये, आणि शिक्षण मुळात बागकामाचे. युद्धाच्या काळात लंडनमध्ये त्या नगररचना शिकवू लागल्या. 1950 च्या एका पाठ्यपुस्तकात त्यांनी एक युक्ती लिहून ठेवली. एकाच मापाचे चार नकाशे काढायचे: जमिनीचा चढउतार, पाणी, खडक आणि मातीतला निचरा. ते पारदर्शक कागदावर एकावर एक ठेवायचे. मग बांधायला जागा कुठली बरी आणि पाणी कुठे साचणार, हे आपोआप दिसू लागते. ब्लाउजच्या कापडावर ट्रेसिंगचा कागद ठेवून नक्षी उतरवणाऱ्या आपल्याला यात नवल वाटणार नाही! पुढे 1969 मध्ये इयान मॅकहार्ग यांच्या पुस्तकाने ही पद्धत जगभर गेली आणि नाव बहुतेक त्यांचेच झाले.

जॅकलिनबाई 1954 मध्ये दिल्लीलाही आल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांचा घरबांधणीवरचा परिसंवाद होता आणि सोबत स्वस्त घरांचे प्रदर्शन. त्यांनी तिथे गावाचे केंद्र नुसते कागदावर न दाखवता प्रत्यक्ष बांधून उभे केले.

पुढच्याच वर्षी त्या अमेरिकेत हार्वर्डला शिकवायला गेल्या. 1965 मध्ये त्याच विद्यापीठात हॉवर्ड फिशर यांनी संगणकाच्या नकाशांची प्रयोगशाळा काढली. त्यांचा 'सायमॅप' हा प्रोग्राम त्याआधी दुसऱ्या विद्यापीठात बेटी बेन्सन या प्रोग्रामर बाईंनी लिहिला होता. तेव्हाचा छापखाना फक्त अक्षरे छापी. जिथे गडद हवे तिथे अक्षरावर अक्षर ठोकायचे, की झाला नकाशा.

पण यात एक मेख होती. माणसे काही ठिकाणीच मोजमाप घेतात. मधल्या जागांचे आकडे यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरते. छापून आल्यावर मोजलेले आणि अंदाजाचे सारखेच दिसते. ज्या गल्लीत कुणी गेलेच नाही, तीही नकाशात छान रंगलेली असते. मला विचाराल तर गेडिसांचे चालणे इथे आठवावे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या मंडळींनी दोन्ही हात एकत्र आणले. तिथे 1959 मध्ये वास्तुरचना, नगररचना आणि भूदृश्यरचना मिळून पर्यावरण-रचनेचे महाविद्यालय झाले. 1970 च्या दशकात डोनाल्ड ॲपलयार्ड आणि मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी तिथे जवळच्या एका भागाचे छोटे मॉडेल बनवले. वरून टांगलेला इवलासा कॅमेरा संगणकाच्या हुकमाने त्यातल्या रस्त्यांवरून फिरे, जणू आपणच गाडीतून चाललो आहोत. काहींना ही फिल्म दाखवली, काहींना खऱ्या रस्त्याने नेले, आणि दोघांना काय वाटले ते ताडून पाहिले. बरेचसे जुळले.

मग पुठ्ठ्याच्या त्या गावाचा उपयोग खऱ्या शहराला झाला. सॅन फ्रान्सिस्कोत उंच इमारती उठत होत्या आणि बागा सावलीत जात होत्या. तिथे हवा मुळातच गार, उन्हात बसायचे सुख मोठे. बर्कलीच्या या प्रयोगशाळेने ऊन आणि वाऱ्याचा अभ्यास करून दाखवला, की कुठली इमारत कुणाचे ऊन अडवील. 1984 मध्ये शहराच्या मतदारांनी कौल दिला: 40 फुटांहून उंच नव्या इमारतीची लक्षात येण्याजोगी नवी सावली सार्वजनिक बागेवर पडता कामा नये, सूर्योदयानंतर एका तासापासून सूर्यास्ताच्या एक तास आधीपर्यंत.