व्यावसायिक बोधचिन्ह

व्यावसायिक बोधचिन्ह किंवा लोगो म्हणजे एखादा उद्योग, दुकान, सेवा अथवा उत्पादन इतरांपासून वेगळे ओळखता यावे यासाठी सातत्याने वापरले जाणारे अक्षररूप, चित्र किंवा या दोहोंचा संयोग होय. नामफलक, वेष्टन, बिलबुक, वाहने, गणवेश, जाहिराती, संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप अशा अनेक ठिकाणी ते वापरले जाते. बोधचिन्हाचे मुख्य कार्य ओळख पटवणे हे आहे. व्यवसायाचे वर्णन करणे हे नव्हे. हा भेद लक्षात न घेता केलेली चिन्हे बहुधा गुंतागुंतीची होतात आणि लहान आकारात वाचता येत नाहीत.

संज्ञा आणि प्रकार

'बोधचिन्ह' या मराठी शब्दातील 'बोध' हा घटक 'जाण' किंवा 'ओळख' या अर्थाने आला आहे. तो 'उपदेश' या अर्थाने घेतला गेल्यास चिन्हातून काहीतरी संदेश मिळालाच पाहिजे अशी अपेक्षा निर्माण होते. बोधचिन्ह हे बोधवाक्याहून आणि शुभंकराहून वेगळे असते. एअर इंडियाचा 'महाराजा' (१९४६, बॉबी कूका व चित्रकार उमेश राव) आणि आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी रेखाटलेला 'गट्टू' हे शुभंकर आहेत. निरनिराळ्या पोझमध्ये, निरनिराळ्या प्रसंगी ते दिसू शकतात. बोधचिन्हाला अशी मोकळीक नसते, त्याचे रूप ठरलेले असते.

बोधचिन्हे साधारणपणे शब्दचिन्ह (नावच विशिष्ट अक्षरवळणात), आद्याक्षरचिन्ह, चित्रचिन्ह, अमूर्त चिन्ह आणि संयुक्त चिन्ह या प्रकारांत मोडतात. नवा व छोटा व्यवसाय केवळ अमूर्त आकृतीवर ओळखला जाणे अवघड असल्याने त्याच्यासाठी नाव आणि आकृती असलेले संयुक्त चिन्ह अधिक सोयीचे ठरते. आकृती एकटी वापरण्याची वेळ पुष्कळ नंतर येते, आणि बहुतेक व्यवसायांवर ती येतही नाही.

इतिहास

व्यापारी चिन्हांची प्रथा जुनी असली, तरी त्यांना कायदेशीर नोंदणी एकोणिसाव्या शतकात मिळाली. ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्यानुसार नोंदले गेलेले पहिले चिन्ह म्हणजे बास या मद्यनिर्मिती कंपनीचा लाल त्रिकोण होय. १९०७ पासून पेटर बेरेन्स यांनी जर्मनीतील एईजी या विद्युत कंपनीचे बोधचिन्ह, छापील साहित्य, उत्पादने आणि कारखान्याची इमारत या सर्वांना एकसंध रूप दिले. कंपनीच्या समग्र दृश्य ओळखीचा विचार येथून सुरू झाला असे मानले जाते.

भारतात यासाठी 'छाप' हा शब्द रूढ होता आणि बाजारात तो आजही ऐकू येतो. कापड, शाई, काडेपेटी, तंबाखू, दंतमंजन अशा वस्तूंवर प्राणी, देवदेवता किंवा घरगुती वस्तूंची चित्रे असत आणि अक्षरओळख नसलेला ग्राहकही चित्राच्या नावाने माल मागू शके. चित्राचा मालाशी संबंध असण्याची गरज नव्हती. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे कॅम्लिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या व्यवसायाची शाई, रंग व कंपासपेट्या 'कॅमल' म्हणजे उंटाच्या चिन्हाने ओळखल्या गेल्या. उंटाचे चित्र शाईविषयी काहीच सांगत नाही, परंतु शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांना ते दुकानातल्या फळीवरून ओळखता आले.

स्वातंत्र्योत्तर काळात आलेखीय संकल्पनाचे औपचारिक शिक्षण सुरू झाले. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले. अहमदाबादच्या संस्थेतील शेखर कामत यांनी केलेले भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह १९७१ मध्ये स्वीकारले गेले. निळे वर्तुळ, मध्यभागी लहान गोल आणि त्यातून खाली जाणारी फट एवढेच त्याचे रूप आहे. त्यात कोणाला कुलुपाचे भोक दिसते, कोणाला सामान्य माणूस. नाणी, नोटा, तिजोरी यांपैकी काहीही त्यात नसूनही खेड्यातील शाखेच्या फलकावर ते दुरून ओळखू येते. दूरदर्शनचे डोळ्यासारखे चिन्ह याच संस्थेतील देवाशिष भट्टाचार्य यांच्या विद्यार्थिदशेतील रेखाटनातून साकारले.

परिणामकारकतेचे निकष

बोधचिन्ह सुंदर आहे की नाही याविषयी मतभेद होऊ शकतात; ते चालते की नाही हे मात्र बऱ्याच अंशी तपासता येते. पहिली कसोटी वेगळेपणाची आहे. ज्या रस्त्यावर किंवा ज्या फळीवर ते लागणार आहे तेथील इतर चिन्हांच्या शेजारी ठेवल्यावर ते उठून दिसले पाहिजे. दंतवैद्याच्या फलकावर दात, बांधकाम व्यावसायिकाच्या फलकावर इमारतींची रांग आणि सेंद्रिय मालावर हिरवे पान ही चित्रे व्यवसायाचा प्रकार सांगतात. परंतु त्याच व्यवसायातील इतरांनीही तीच वापरलेली असल्याने नेमका कोणता दंतवैद्य किंवा कोणता बांधकाम व्यावसायिक हे त्यांतून कळत नाही. याच कारणामुळे ठरावीक साच्यांतून तयार मिळणारी चिन्हे स्वस्त असूनही महाग पडू शकतात. तोच साचा दुसऱ्या गावातील, प्रसंगी त्याच गावातील, दुसऱ्या व्यवसायाकडेही असण्याचा संभव असतो.

दुसरी कसोटी वाईट परिस्थितीत टिकण्याची आहे. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बहुतेक चिन्हे चांगली दिसतात. प्रत्यक्षात चिन्हाला रबरी शिक्क्यावर, थर्मल प्रिंटरच्या बिलावर, वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर, सदऱ्याच्या खिशावरील भरतकामात, टेम्पोच्या मागील फळीवर पेंटरच्या हातून आणि ब्राउझरच्या टॅबमधील १६ × १६ पिक्सेलच्या चौकटीत उतरावे लागते. थर्मल प्रिंटरला एकच रंग ठाऊक असतो. वृत्तपत्रीय कागदावर शाई पसरते आणि अक्षरांच्या पोटातील मोकळ्या जागा बुजतात. भरतकामात दोऱ्याच्या जाडीपेक्षा बारीक रेघ येत नाही. म्हणून अनुभवी संकल्पक चिन्ह प्रथम काळ्या-पांढऱ्या रंगात सिद्ध करतात आणि रंग नंतर देतात. छटा, सावल्या व चकाकी यांवर ज्याची ओळख अवलंबून आहे ते चिन्ह शिक्क्यावर केवळ काळा डाग होऊन उरते.

तिसरी कसोटी स्मरणाची आहे. चिन्ह काही क्षण दाखवून थोड्या वेळाने संबंधित नसलेल्या व्यक्तींना ते आठवून काढायला सांगणे, ही त्याची साधी परीक्षा होय. ज्यात एकच ठळक वैशिष्ट्य असते ते बहुधा काढता येते. रॉब जॅनॉफ यांनी १९७७ मध्ये ॲपलसाठी केलेल्या सफरचंदाचा घास घेतलेला असल्यामुळे ते लहान आकारातही चेरी वाटत नाही. येथे आकृतीतील एकमेव विशेष ओळखीचे कामही करतो. लिंडन लीडर यांच्या फेडेक्सच्या शब्दचिन्हात (१९९४) दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत बाण दडलेला आहे. अनेकांना तो कधीच दिसत नाही. तरीही चिन्हाचे काम अडत नाही. अशा युक्त्यांना त्यामुळे दुय्यम महत्त्व द्यावे लागते.

चिन्हाचा अर्थ त्याच्या आकृतीत आधीच भरलेला नसतो. व्यवसायाचा दर्जा आणि ग्राहकांचा अनुभव यांतून तो हळूहळू चिन्हाला चिकटतो, असे मत अमेरिकी संकल्पक पॉल रँड यांनी मांडले होते. कॅरोलिन डेव्हिडसन यांना नाइकेच्या चिन्हासाठी १९७१ मध्ये ३५ डॉलर मिळाले होते. पुढे १९८३ मध्ये कंपनीने त्यांना शेअर दिले. त्या वक्ररेषेची आजची किंमत रेषेतून आलेली नाही. हेच तत्त्व उलट दिशेनेही लागू पडते. ढिसाळ सेवेला उत्तम चिन्ह तारू शकत नाही, उलट ती कोणाची हे ओळखणे मात्र सोपे करते.

देवनागरीतील प्रश्न

रोमन लिपीत आखलेल्या चिन्हाला नंतर देवनागरी जोडणे हा महाराष्ट्रातील व्यवसायांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. रोमन कॅपिटल अक्षरे एका पट्टीत बसतात. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार व काही जोडाक्षरांचे भाग खाली जातात. त्यामुळे दोन्ही लिप्यांची उंची सारखी ठेवली तर देवनागरीचा मुख्य भाग लहान दिसतो. शिवाय शिरोरेषा शब्दाला एकसंध बांधते. ती तोडली किंवा वगळली तर आकर्षक रूप मिळू शकते, पण 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांसारख्या जोड्यांत वाचकाचा गोंधळ होतो. अतिलहान आकारात सर्वांत आधी अनुस्वार दिसेनासा होतो.

अक्षरवळणाचाही प्रश्न आहे. मराठीतील पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हिंदी वळणाहून वेगळे आहेत व महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीसाठी ती रूपे निश्चित केली आहेत. तयार फाँटमध्ये मात्र अनेकदा हिंदी वळण येते आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकते. यावर उत्तम उपाय म्हणजे नाव हाताने आखून घेणे. मराठी नाटके, चित्रपट आणि नियतकालिकांच्या शीर्षकांसाठी प्रसिद्ध असलेले कमल शेडगे यांनी असे अक्षरांकन दीर्घकाळ केले, र. कृ. जोशी यांनी सुलेखनापासून 'मंगल' या संगणकीय फाँटपर्यंत काम केले. भारतीय रुपयाचे चिन्ह (१५ जुलै २०१० रोजी स्वीकृत) डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्या संयोगातून घडवले. दोन लिप्यांना एकाच आकृतीत सामावून घेण्याचे ते सर्वपरिचित उदाहरण आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार नामफलकावर मराठी देवनागरी अक्षरे असणे आणि ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. देवनागरी रूप चिन्हासोबतच तयार केले नसेल, तर फलक रंगवणारा किंवा फ्लेक्स छापणारा ते आपल्या सोयीने करतो आणि प्रत्येक शाखेचे नाव वेगळ्या वळणात दिसू लागते.

संकल्पन आणि हस्तांतरण

कामाची सुरुवात रेखाटनाने नव्हे, तर प्रश्नांनी होते: ग्राहक कोण, चिन्ह सर्वाधिक कोठे दिसणार, स्पर्धकांची चिन्हे कशी आहेत, व्यवसाय पुढे कोणत्या वस्तूंकडे वळू शकतो. 'मिठाई' दाखवणारे चिन्ह त्याच दुकानाने पुढे उपाहारगृह काढल्यास अडचणीचे होते. त्यानंतर कच्ची रेखाटने, निवड आणि चाचणी येते. चाचणीत बाहेरच्या लोकांचा सहभाग आवश्यक असतो, कारण घडवणाऱ्याला न दिसलेला अर्थ इतरांना दिसू शकतो. मिंत्रा या ऑनलाइन कंपनीचे चिन्ह स्त्रियांसाठी अवमानकारक असल्याची तक्रार मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे झाल्यानंतर २०२१ मध्ये कंपनीने त्यात बदल केला.

अंतिम चिन्ह व्हेक्टर स्वरूपात घेणे आवश्यक असते. अशी फाइल कितीही मोठी केली तरी कडा तुटत नाहीत. केवळ व्हॉट्सॲपवर आलेले चित्र फलकासाठी निरुपयोगी ठरते. सोबत एकरंगी व उलट्या रंगांतील आवृत्त्या, रंगांची छपाईसाठीची प्रमाणे आणि चिन्हाभोवती सोडायची किमान जागा यांची वापरनिर्देशिका दिली जाते.

स्थिरावलेले चिन्ह बदलणे जोखमीचे असते. गॅप या अमेरिकी वस्त्रकंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये आणलेले नवे चिन्ह ग्राहकांच्या नाराजीमुळे आठवडाभरातच मागे घेतले.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात बोधचिन्हाला व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) अन्वये संरक्षण मिळते. नोंदणी कार्यालयाचे मुख्यालय मुंबईत आहे. वस्तू व सेवांचे ४५ वर्ग असून ज्या वर्गात अर्ज केला त्यापुरतेच संरक्षण मिळते. २०१७ च्या नियमांनुसार ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांसाठी प्रतिवर्ग ४,५०० रुपये, तर इतरांसाठी ९,००० रुपये ठरवण्यात आले. चिन्ह जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांच्या आत कोणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे कितीही वेळा नूतनीकरण होऊ शकते. रंगांची मर्यादा न घालता नोंदलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदलेले मानले जाते. काळ्या-पांढऱ्या रूपात अर्ज करण्याचा हाही एक लाभ आहे. संयुक्त चिन्हाच्या नोंदणीने संपूर्ण आकृतीवर हक्क मिळतो, तिच्या सुट्या घटकांवर नाही. म्हणून नाव आणि आकृती यांसाठी स्वतंत्र अर्ज केले जातात. नोंदणी नसताना वर्तुळातील 'आर' हे नोंदणीदर्शक चिन्ह वापरण्यास कायद्याने मनाई आहे.

पुष्कळदा दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे लेखाधिकार, अर्थात कॉपीराइट. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संकल्पकाला पैसे दिले म्हणजे चिन्हाचा कॉपीराइट आपोआप व्यवसायाकडे येतो असे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह करावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. एखादे दुकान दहा वर्षांनी साखळी बनते तेव्हा हा जुना, एका पानाचा कागद निर्णायक ठरू शकतो.

काही चिन्हे वापरण्यास मनाईच आहे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत राष्ट्रध्वज, अशोकचक्र यांसोबत छत्रपती शिवाजी महाराज व महात्मा गांधी यांची नावे व चित्रे यांचाही समावेश आहे. व्यापारचिन्ह म्हणून त्यांचा वापर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. दवाखाने व औषधदुकानांच्या फलकांवर सर्रास दिसणारा पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रॉस जिनिव्हा करार अधिनियम, १९६० अन्वये संरक्षित आहे, आणि खासगी व्यवसायाला तो बोधचिन्हात घेता येत नाही.