मणका दबणे : कारणे, तपासण्या आणि उपचार

गवताचा भारा उचलताना, पाण्याची घागर घेताना किंवा एसटीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना गतिरोधकावर गाडी आदळली, आणि पाठीत एकदम कळ आली. वेळापूर-माळशिरस भागातल्या साठीपुढच्या बायकांकडून अशी हकिगत वारंवार ऐकायला मिळते. घरचे म्हणतात, "मणक्यात गॅप पडलाय." प्रत्यक्षात अनेकदा मणका दबलेला असतो, म्हणजे हाड पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखे होते. छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका सर्वांत जास्त वेळा दबतो.

मूळ कारण बहुधा हाडांची ठिसूळता. पाळी गेल्यानंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडनेही तेच होते. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही कधीकधी स्टिरॉइड मिसळलेले असते. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. मात्र त्या पुड्या परस्पर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करा.

सुरुवात साध्या एक्स-रेने होते. फ्रॅक्चर ताजे आहे की जुने, हे एमआरआयवर कळते. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. पायातली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. वेदनाशामक औषध, काही आठवडे पट्टा आणि दोन-चार दिवसांची विश्रांती पुरते. दुखणे साधारण ६ ते १२ आठवड्यांत ओसरते. महिनाभर अंथरुणात पडून राहिल्यास हाडे आणखी विरळ होतात, म्हणून लवकर उठवा. पाठ चोळून किंवा "मणका बसवून" घेऊ नका. मणक्यात सिमेंट भरण्याचा उपचार आहे. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत त्याचा फायदा लटक्या प्रक्रियेपेक्षा जास्त दिसला नाही. दुखणे असह्य असेल आणि औषधांना दाद देत नसेल, तेव्हाच त्याचा विचार करावा, असे माझे मत आहे.

खरी चूक पुढे होते. दुखणे थांबले की उपचार थांबतो, हाड मात्र तसेच ठिसूळ राहते. एक मणका दबल्यावर वर्षभरात दुसरा दबण्याचा धोका साधारण पाचात एक असतो. म्हणून डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व आणि हाडे बळकट करणारे औषध हवे. अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. ज्यांना पाठीमुळे एवढा वेळ बसवत नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे. त्याआधी मूत्रपिंडाची व कॅल्शियमची तपासणी लागते.

पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, नाचणी आणि तीळ यांतून बरेचसे मिळते.

वेळापूर पालखीमार्गावरच असल्याने "आषाढीला चालता येईल का?" हे हमखास विचारले जाते. चालणे हाडांना चांगलेच. पण पहिले तीन महिने डोक्यावर किंवा पाठीवर ओझे नको, आणि कमरेतून वाकून काही उचलायचे नाही.