मरणशय्येवरचा हिबा

घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, डॉक्टरांनी आशा सोडली, की उशाशी एक कागद येतो. दोन साक्षीदार बोलावले जातात, थरथरता अंगठा शाईत बुडवला जातो आणि घर थोरल्या मुलाच्या नावावर होते. मुली सासरहून मय्यतीला येतात तेव्हा त्यांना कागद दाखवला जातो. ‘अब्बांनी खुशीने दिले’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल!

फिकहच्या पंडितांना या प्रसंगाची पुरती ओळख होती. त्यांनी त्या आजाराला ‘मरझ-उल-मौत’ असे नावच दिले. त्याची मुळे हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आजारात सापडतात. अखेरच्या हजच्या वेळी, इ. स. ६३२ मध्ये, ते मक्केत अत्यवस्थ होते. तेव्हा त्यांना एकच मुलगी होती. दोन तृतीयांश मालमत्ता सदका करू का, असे त्यांनी विचारले. प्रेषित (स.) नाही म्हणाले. निम्मी? तेही नाही. एक तृतीयांश चालेल, पण तेही पुष्कळच झाले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना संपन्न ठेवून जाणे बरे, असे उत्तर मिळाले. धर्मकार्यासाठी द्यायच्या दानालाही एका मुलीच्या हक्काने मर्यादा घातली. साद पुढे बरे झाले, कादिसियाच्या लढाईत सेनापती होते आणि त्यांना आणखी मुलेबाळेही झाली.

यातूनच नियम घडला. मरणाच्या आजारात दिलेला हिबा परक्याला असेल तर एक तृतीयांशापर्यंतच चालतो. वारसाला असेल तर इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. हनफी मताप्रमाणे ही संमतीही देणाऱ्याच्या मृत्यूनंतरची हवी. बापाच्या डोळ्यांदेखत मुलीने मान डोलावली, एवढ्याने भागत नाही. माणूस त्या आजारातून उठला तर मात्र हिबा पूर्ण लागू होतो.

तलाकचेही असेच. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आजारपणात पत्नीला तलाक दिला आणि त्यातच ते वारले, खलिफा उस्मान (रजि.) यांनी तिला वारसाहक्क दिला. इमाम शाफईंचे नंतरचे मत याहून वेगळे आहे, हे आपल्या शाफई कोकणी वाचकांनी ध्यानात घ्यावे.

हिंदुस्थानात हा नियम इंग्रजांच्या कचेऱ्यांतून पोचला. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेने मुसलमानांच्या वारसाला त्यांचा कायदा लावला, १७९१ मध्ये हॅमिल्टनने ‘हिदाया’ इंग्रजीत आणला, तोही फारसी भाषांतरावरून. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई हायकोर्टात साराबाई विरुद्ध राबियाबाई खटल्यात न्यायमूर्ती बॅचलर यांनी तीन कसोट्या सांगितल्या: मृत्यू जवळ आल्याचा खरा धोका, रोग्याच्या मनात त्याची भीती आणि रोजची कामे सुटण्यासारखी बाहेरून दिसणारी खूण. त्याच निकालातले दुसरे विधान जास्त गाजले: तो तलाक धर्मदृष्ट्या वाईट, पण कायद्याने पक्का. त्या विचाराला सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये मूठमाती दिली. कसोट्या मात्र टिकल्या.

अडचण पुराव्याची आहे. वर्षाहून लांबलेले, अंगवळणी पडलेले दुखणे सहसा मरझ-उल-मौत मानत नाहीत. ते एकाएकी बळावले तर गोष्ट वेगळी. मग दोन वर्षे डायलिसिसवर असलेल्या बापाचे काय? शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १२९ व्या कलमाने आपला हिबा नोंदणीच्या सक्तीतून सुटला आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने लेखी हिबानाम्यालाही ती सवलत दिली. साध्या माणसाची सोय झाली खरी, पण कागदावरची तारीख मागे ढकलू पाहणाऱ्याचीही झाली. आणि कोर्टात जाणार कोण? माहेर तुटेल या धास्तीने चाळिसाव्याच्या आत बहीण हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी आपल्या लाडक्या आयेशांना (रजि.) बागेतले वीस वस्क खजूर देऊ केले होते. त्यांनी ते ताब्यात घेतले नव्हते. मरणशय्येवर वडिलांनी त्यांना बोलावून सांगितले: तू ते उतरवून घेतले असतेस तर तुझे झाले असते, आज ते वारसांचे आहे, तुझ्या दोन भावांचे आणि दोन बहिणींचे. आयेशांनी विचारले, माझी बहीण तर एकच, अस्मा; दुसरी कोण? ते म्हणाले, खारिजाच्या मुलीच्या पोटात आहे ती. मला वाटते, मुलगीच होईल.

ती मुलगीच झाली. वडील वारल्यानंतर जन्मली.